दुष्काळातला कागद : मिथिला, वारली आणि सरकारी कलासाहाय्याचे मोल

कलेसाठी सरकारने पैसा खर्च करावा का, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गात विचारला की उत्तर बहुधा ठरलेले असते. आधी रस्ते, पाणी, दवाखाने; उरलेच तर कला. हे उत्तर उथळ आहे असे मी म्हणणार नाही. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे नाट्यगृहाचे अंदाजपत्रक मांडायला कोणालाही संकोचच वाटेल. पण या उत्तरात एक गृहीतक लपलेले आहे. पोट भरल्यावर करायची गोष्ट म्हणजे कला, आणि म्हणून कलेला दिलेला पैसा हा पोटाच्या पैशातून काढलेला पैसा, असे ते गृहीतक. प्रस्तुत टिपणात आपण एक असे उदाहरण पाहणार आहोत जिथे पोट रिकामे होते म्हणूनच सरकारने कलेला हात दिला. त्या हाताने काय घडवले आणि काय बिघडवले, हे दोन्ही पाहायचे आहे. उदाहरण बिहारच्या मिथिलेचे आहे. त्याचा एक धागा महाराष्ट्रात, डहाणूच्या वारली पाड्यांपर्यंत येतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. 15 जानेवारी 1934 रोजी बिहार-नेपाळ भागात मोठा भूकंप झाला. मधुबनीला त्या काळी विल्यम आर्चर नावाचे इंग्रज अधिकारी होते. पडलेल्या घरांची पाहणी करताना त्यांना उघड्या पडलेल्या आतल्या भिंतींवर चित्रे दिसली. ही चित्रे बाहेरच्या माणसाने पाहावीत अशी नव्हतीच. ती घरातल्या बायकांनी, घरातल्या लग्नकार्यासाठी, घराच्या आत काढलेली होती. आर्चर यांनी छायाचित्रे घेतली आणि 1949 मध्ये 'मार्ग' नियतकालिकात या चित्रांवर लेख लिहिला. बाहेरच्या जगाला या चित्रांची ओळख झाली ती अशी, भिंत पडल्यामुळे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे आपल्याला आणखी एका भिंतीपाशी यायचे आहे.

त्यानंतर बरीच वर्षे काही विशेष घडले नाही. 1966-67 मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामात तेव्हा पुपुल जयकर होत्या. त्यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवले. काम साधे होते. बायका भिंतीवर जे काढतात ते त्यांनी हातकागदावर काढावे आणि मंडळाने ते विकत घ्यावे. जितवारपूर, रांटी अशा गावांतून कुलकर्णी फिरले. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावे या काळात पुढे आली.

आता दुष्काळी कामांशी याची तुलना करून पाहा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकल्या असतील : खडी फोडणे, पाझर तलाव, रस्त्यावर मातीची पाटी. ते काम मोलाचेच होते आणि पुढे त्यातूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली. पण ते घराबाहेर पडून करायचे काम होते. मिथिलेतल्या ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायका पडद्यात होत्या. त्या खडी फोडायला रस्त्यावर येऊ शकत नव्हत्या. उपाशी मात्र त्याही होत्या. घरातली धान्याची कोठी रिकामी झाल्यावर जातीचा मान पोटाला बांधता येत नाही. कागद ही अशी वस्तू होती की ती उंबरठ्याच्या आत जाऊ शकत होती आणि चित्र होऊन बाहेर येऊ शकत होती. दुष्काळ निवारणाच्या कोणत्याही अभियंत्याला त्या घरांपर्यंत रोजगार नेण्याचा याहून स्वस्त मार्ग सुचला असता असे मला वाटत नाही.

जतन नव्हे

सरकारी अहवालांत अशा प्रयत्नांसाठी एक ठरलेला शब्द असतो, 'जतन'. लोककलांचे जतन, वारशाचे जतन. मिथिलेच्या बाबतीत हा शब्द सपशेल चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळल्याशिवाय या साहाय्याचे मोलही कळणार नाही.

भिंतीवरचे मूळ चित्र म्हणजे कोहबर. नवविवाहित जोडप्याच्या खोलीत ते काढतात. मध्ये कमळाच्या वेलाची वर्तुळे आणि त्यांना भेदून जाणारा सरळ देठ. बाजूला बांबूचे बन. मासे, कासव, साप, पोपट, सूर्य, चंद्र. चार कोपऱ्यांत नैना-जोगिन. कमळ स्त्रीचे, बांबू पुरुषाच्या वंशाचा. हे चित्र कोणी काढले हा प्रश्न तिथे विचारला जात नाही. घरातल्या, शेजारच्या चार जणी मिळून काढतात. पुढच्या कार्याला भिंत पुन्हा सारवतात आणि नवे काढतात. म्हणजे जतन करायचे तर कागद देण्याची गरजच नव्हती. भिंत आणि लग्न दोन्ही तिथे होतेच.

कागदाने वेगळेच केले. कागदाला कडा असतात, तो एका माणसाच्या मांडीवर मावतो, आणि विकायचा असल्यामुळे त्यावर नाव घालावे लागते. या तीन गोष्टींनी चित्र बदलले. चार जणींच्या भिंतीतून एक चित्रकर्ती वेगळी झाली.

गंगा देवींचे उदाहरण घेऊ. त्या 1928 साली कायस्थ घरात जन्मल्या. त्यांची पद्धत कचनी, म्हणजे रंग भरण्यापेक्षा बारीक रेघांनी आकार विणायचा. मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि त्या संसारातून बाहेर फेकल्या गेल्या. अशी बाई, जिचे स्वतःचे घर उरले नाही, ती कोहबर कुठल्या भिंतीवर काढणार? कागद तिच्यासाठी हस्तकलेचा कच्चा माल नव्हता, ती तिची भिंत होती. पुढे त्यांनी 'मानव जीवन' ही मालिका काढली. एका बाईचे आयुष्य जन्मापासून टप्प्याटप्प्याने त्यात येते. परंपरेतल्या चित्रात लग्नाचा क्षण गोठलेला असतो. इथे क्षणांमागून क्षण येतात, काळ पुढे सरकतो. कोहबरमध्ये काळ नाही. कथा सांगण्याची गरज भिंतीला नव्हती, ती या बाईला होती.

1985 मध्ये भारत महोत्सवाच्या निमित्ताने त्या अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर वॉशिंग्टनचा स्तंभ आला, रोलर कोस्टरही आला. आपल्यापैकी ज्यांनी अभियांत्रिकी आरेखन शिकले आहे त्यांनी हे चित्र अवश्य पाहावे. आपण प्रक्षेप शिकतो : समोरून, वरून, बाजूने, आणि प्रत्येक दृश्य वेगळ्या चौकटीत. गंगा देवींना ही अडचण नाही. एकाच कागदावर कुठे बाजूने पाहायचे आणि कुठे वरून, हे त्या वस्तूनुसार ठरवतात, आणि तरीही डोळा अडखळत नाही. कमळाच्या वेलाला वळण द्यायला सरावलेला हात लोखंडी रुळालाही वळण देतो. नवल पाहण्याची ही ऐट उसनी नाही. परदेशात गेलेल्या बाईने आपल्या रेषेत परदेश बसवला आहे. परदेशाच्या रेषेत ती स्वतः बसलेली नाही.

शेवटी त्यांना कर्करोग झाला. दिल्लीत उपचार चालू असताना त्यांनी त्या आजारपणाचीही चित्रे काढली. रुग्णालय, डॉक्टर, आजारी देह, सगळे त्याच बारीक रेघेत. मला ही मालिका त्यांच्या सर्व कामात श्रेष्ठ वाटते. लग्नाच्या खोलीसाठी बनलेली चित्रभाषा इथे मरणाविषयी बोलते, आणि तिला शब्द कमी पडत नाहीत. 'जतन' म्हणणाऱ्याला या चित्रांचे काय करावे ते कळणार नाही, कारण यातले काहीही आधी अस्तित्वात नव्हते.

सार्वजनिक साहाय्याचे मोल मोजायचे तर ते इथे मोजावे लागते. किती बायकांना रोजगार मिळाला हा आकडा महत्त्वाचा आहेच. पण दुष्काळात वाटलेल्या कागदातून वीस वर्षांनी एका बाईने आपले मरण रेखाटले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

कागद कोणाच्या हातात गेला

इथवर चित्र फारच उजळ झाले. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

पहिला मुद्दा जातीचा. सुरुवातीला कागद पोचला तो ब्राह्मण आणि कायस्थ घरांत. भरणी म्हणजे गडद रंग भरलेली चित्रे, सीता देवींची खासियत. कचनी म्हणजे रेघांची, गंगा देवींची. 'मधुबनी शैली' म्हणून याच दोन पद्धती बाहेर गेल्या. दुसाध या दलित समाजातल्या बायकांना लग्नाच्या देवदेवतांची ही चित्रे काढण्याची परंपरा नव्हती. त्यांनी पुढे अंगावर गोंदतात त्या नक्षीतून आपली पद्धत उभी केली. तिला गोदना म्हणतात. चानो देवी यांचे नाव त्यात अग्रक्रमाने येते. ओळींमागून ओळी, लहान आकृत्यांच्या, आणि त्यांत राजा सलहेसची कथा. या बायकांना प्रोत्साहन देण्यात जर्मन अभ्यासक एरिका मोझर आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रेमंड ओवेन्स यांचा वाटा मोठा होता. हे ओवेन्स चित्रे विकत घेत, अमेरिकेत जास्त किमतीला विकत आणि पुढच्या फेरीत आलेल्या नफ्यातला हिस्सा त्याच चित्रकर्तीला पुन्हा आणून देत. एकाच चित्राचे दोनदा पैसे. ही साधी गोष्ट करायला मोठे महामंडळ लागत नाही, हिशेबाची वही लागते.

सरकारची नजर आधी वरच्या जातींकडे गेली याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. ज्या घरांत रंगवलेल्या भिंती होत्या तिथे कागद गेला. पण कला 'शोधायला' गेलेल्या माणसाला जे दिसते तेच पुढे कलेची व्याख्या ठरते, आणि जे दिसले नाही ते नंतर तीस वर्षे दार ठोठावत राहते. रांटीच्या दुलारी देवी मल्लाह, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या. महासुंदरी देवी या नामवंत चित्रकर्तीच्या घरी त्या धुणीभांडी करत. तिथेच त्या चित्रे काढायला शिकल्या. जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली 1975 मध्ये, दुलारी देवींना 2021 मध्ये. या दोन सालांमधले अंतर हे त्या व्याख्येच्या रुंदीचे माप आहे.

दुसरा मुद्दा स्त्री-पुरुषांचा, आणि तो वारली चित्रांपाशी आल्यावर स्पष्ट होतो. हेच भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या आरंभी डहाणू भागात गेले. वारली घरांतही लग्नाचे चित्र असते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मध्ये पालघट देवी. तो चौक काढायचा मान सवाशिणींचा. पण कागदावर पहिला मोठा कलावंत म्हणून जगासमोर आले ते जिव्या सोमा मशे, एक पुरुष. गंजाडच्या या माणसाला लग्नापुरते नव्हे, रोज चित्र काढायची ओढ होती. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले.

मशे थोर होते याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्यांची मासेमारीची चित्रे पाहा. पांढऱ्या बारीक टाक्यांचे जाळे कागदभर पसरलेले असते, आणि थोडा वेळ पाहिल्यावर कळते की हे जाळे म्हणजे मासे पकडायची वस्तू नाही, ते पाणीच आहे, हालणारे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करायचा ही वारली युक्ती आपण सर्वांनी शाळेच्या वहीत केली आहे. पण त्या दोन त्रिकोणांच्या मधल्या बिंदूपाशी अंग किती कलते, यावर तो माणूस नाचतो की भारा उचलतो हे ठरते. मशे यांच्या चित्रात हा कल कधी चुकत नाही. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने गुरुत्वमध्य शिकायला हरकत नाही.

प्रश्न त्यांच्या थोरवीचा नाही. प्रश्न असा, की मिथिलेत त्याच माणसाने दिलेला कागद बायकांच्या हातात राहिला आणि डहाणूत बायकांची कला कागदावर येताच बऱ्याच अंशी पुरुषांची का झाली? मला याचे कारण चित्रांत नाही, बाजाराच्या रस्त्यात दिसते. मिथिलेत बाई घराबाहेर पडत नव्हती, म्हणून खरेदीदाराला घरी यावे लागले. खरेदी अंगणात झाली. डहाणूहून मुंबई जवळ. चित्र घेऊन रेल्वेने मुंबईला जाणे शक्य होते, आणि जो गाडीत बसू शकतो त्याच्याकडे बाजार जातो. शेत, पाणी, सरपण, मुले सांभाळणारी बाई गाडीत बसत नाही. आता वारली स्त्रियाही कागदावर, कापडावर चित्रे काढतात, पण त्यांना स्वतःच्याच कलेत उशिरा शिरावे लागले. म्हणजे पडद्यासारखी जाचक रूढी एका ठिकाणी बायकांच्या पथ्यावर पडली आणि मोकळेपणा दुसऱ्या ठिकाणी आडवा आला! अर्थात यातून पडद्याचे समर्थन निघत नाही. निघते ते एवढेच, की खरेदी कुठे आणि कोणाच्या हातून करायची हा कारकुनी वाटणारा निर्णय कलेचा धनी कोण हे ठरवतो.

कारागीर की कलावंत

1966 याच वर्षी अमेरिकेत बॉमॉल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांचे एक पुस्तक आले. त्यांचे निरीक्षण थोडक्यात असे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तेवढ्याच मजुरीत जास्त माल निघतो. पण चार वादकांनी वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. बाकी समाजात मजुरी वाढते, म्हणून वादकांचीही वाढवावी लागते. उत्पादन मात्र वाढत नाही. परिणामी अशी कला दरवर्षी तुलनेने महाग होत जाते. हा कोणाच्या आळशीपणाचा दोष नाही, कामाच्या जातीचा आहे.

कचनीच्या रेघेला हे तंतोतंत लागू पडते. एक हात एका दिवसात जेवढ्या रेघा मारू शकतो तेवढ्याच मारतो. बाजाराकडे यावर उपाय आहे आणि तो आपण रोज पाहतो : छपाई. आमच्या महाविद्यालयाच्या एका इमारतीत वारली आकृत्यांचा प्लास्टिकचा कागद भिंतभर चिकटवलेला आहे. तारपा वाजवणाऱ्याच्या भोवतीचा फेर मध्येच कापला जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, कारण छापणाऱ्याची लांबी तिथे संपली. चित्र कोणाचे, असे मी विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. पुरवठादाराचे नाव मात्र बिलावर होते. वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले, मधुबनीला त्याआधीच मिळाले होते. चांगली गोष्ट आहे. पण हा हक्क समूहाला, प्रदेशाच्या नावाला मिळतो. विशिष्ट बाईने विशिष्ट दिवशी काढलेल्या चित्राला त्याने नाव मिळत नाही.

आणि नावाचा हा प्रश्न थेट सरकारी वर्गवारीपर्यंत जातो. स्वातंत्र्यानंतर ललित कला अकादमी 1954 मध्ये स्थापन झाली, ती चित्रकार आणि शिल्पकारांसाठी. हस्तकला मंडळ 1952 चे, ते कारागिरांसाठी. मधुबनीची बाई दुसऱ्या दारातून आत आली आणि कायमची त्याच दालनात राहिली. आजही तिला मिळते ते वस्त्रोद्योग मंत्रालयाचे कारागीर ओळखपत्र. तिच्यासाठी योजना असतात त्या प्रशिक्षण, मेळ्यातले दुकान, अवजारांचा संच. यातले काही वाईट नाही. मात्र कारागिराकडून अपेक्षा असते ती नमुन्याबरहुकूम माल देण्याची आणि कलावंताकडून अपेक्षा असते नमुना मोडण्याची. गंगा देवींनी नमुना मोडला, पण तो मोडण्यासाठी वेगळी योजना नव्हती. पुपुल जयकर, कुलकर्णी, पुढे दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयाचे ज्योतींद्र जैन अशी मोजकी जाणती माणसे योग्य खुर्चीत होती, म्हणून ते झाले. ज्या व्यवस्थेचे यश खुर्चीतल्या माणसाच्या नजरेवर अवलंबून असते ती माणूस बदलताच उघडी पडते.

तशी ती पडली. आयुष्याच्या अखेरच्या काळात, आजारी असताना, गंगा देवींनी हस्तकला संग्रहालयाच्या भिंतींवर कोहबर घर रंगवले होते. कागदाने घडवलेली चित्रकर्ती तिथे पुन्हा भिंतीकडे आली होती, पण एकटीच्या हाताने आणि स्वतःच्या नावाने. 1991 मध्ये त्या गेल्या. 2015 च्या सुमारास संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते भित्तिचित्र नष्ट झाले. भूकंपात नाही. ठरवून केलेल्या बांधकामात, ज्या संस्थेचे काम अशा वस्तू सांभाळण्याचे आहे तिच्याच आवारात.

यावर एक बचाव ऐकू येतो, की भिंतीवरची चित्रे मुळातच पुसली जाण्यासाठी असतात. गावात दर लग्नाला नवे कोहबर काढतात, मग एवढा आक्रोश कशाला? हा युक्तिवाद चतुर आहे पण खोटा आहे. गावातली भिंत सारवली जाते कारण पुढचे लग्न असते आणि पुढचे चित्र काढायला हात तयार असतात. दिल्लीतल्या भिंतीनंतर पुढचे चित्र नव्हते, आणि ते हातही नव्हते. एखाद्या मान्यवर आधुनिक चित्रकाराने राष्ट्रीय कलादालनाच्या भिंतीवर चित्र काढले असते, तर कंत्राटदाराची शिडी तिथे लागण्यापूर्वी किती सह्या घ्याव्या लागल्या असत्या याचा विचार करा. 'हस्तकला' या शब्दाने त्या सह्या वाचवल्या.

बाकीची हकिकत वेगाने सांगण्यासारखी आहे. अखिल भारतीय हस्तकला मंडळ केंद्र सरकारने 2020 मध्ये बरखास्त केले. तोवर ते केवळ सल्लागार मंडळ उरले होते, त्यामुळे फारसा फरक पडत नाही असे सांगितले गेले. हस्तकला आणि हातमाग निर्यात महामंडळ बंद करायला मंत्रिमंडळाने 2021 च्या मार्चमध्ये मंजुरी दिली. तोट्यातली संस्था चालवावी असे मी म्हणत नाही. पण तोटा कशामुळे, महागडी रेघ सांभाळल्यामुळे की ती रेघ ओळखणारी माणसे राहिली नाहीत म्हणून, ही चौकशी ताळेबंदातून होत नसते.

2017 मध्ये मधुबनीचे रेल्वे स्थानक स्थानिक कलावंतांनी रंगवले. भिंतच्या भिंत रामायणाची, गावजीवनाची चित्रे. गाडीतून उतरणारा माणूस थबकतो. पुढच्या वर्षी सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत रेल्वेने मधुबनीला दुसऱ्या क्रमांकात स्थान दिले. पहिला क्रमांक महाराष्ट्रातल्या बल्लारशाह आणि चंद्रपूरला मिळाला, तिथेही भिंतीच रंगवल्या होत्या. मधुबनीच्या कलावंतांनी हे काम श्रमदान म्हणून केले. आपले गाव, आपले स्थानक, म्हणून आनंदाने केले असेल, आणि त्यांच्या आनंदावर मी शंका घेणार नाही. पण त्या स्थानकातले दिवे, फरशी, रंगाचे डबे यांपैकी काय श्रमदानात आले होते? 1966 मध्ये, तिजोरीत खडखडाट आणि राज्यात दुष्काळ असताना, सरकार या गावात कागद आणि पैसे घेऊन गेले होते. पन्नास वर्षांनी ते भिंत घेऊन आले.

या विषयावरील स्वाध्याय असा आहे. आपल्या शहरातली, गावातली किंवा महाविद्यालयातली एक सार्वजनिक भिंत निवडा, जिच्यावर लोकशैलीतले चित्र आहे. खाली चित्रकाराचे नाव आहे का ते पाहा. शक्य असल्यास संबंधित कार्यालयात किंवा माहितीच्या अधिकारात विचारा, की या कामाचे पैसे कोणत्या शीर्षाखाली दिले गेले : कलाकृती, सुशोभीकरण की चौरस मीटर दराने रंगकाम. मिळालेले उत्तर दोन पानांत लिहून आणा. चित्राचा फोटो जोडताना भिंतीचा तळही येऊ द्या, नाव असले तर ते बहुधा तिथेच असते.